येनाचा सोनार

माझ्या पुस्तकांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या डायऱ्यांच्या शेजारी एक काळे भिंग ठेवलेले आहे. उंचीने लहानशा तांब्याएवढे आणि वजनाने सव्वा किलोहून अधिक. आमची सौ. त्याला 'वरवंटा' म्हणते. त्या कप्प्यात पावसाळाभर पंधरा वॅटचा दिवा जळत ठेवावा लागतो, कारण सुरतेच्या दमट हवेत भिंगाच्या काचांवर बुरशी धरते. दर श्रावणात त्या दिव्यावरून घरात एकदा तरी बोलणे होते. ज्या वस्तूला वर्षातून चार वेळाही हात लागत नाही तिच्यासाठी दिवा कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. देवघरातल्या दिव्याला मात्र तो कोणी विचारत नाही, एवढे उत्तर मी मनातल्या मनात देतो आणि गप्प राहतो.

भिंगाच्या कड्यावर रोमन अक्षरांत 'कार्ल झाइस येना' असे कोरलेले आहे. पुढे 'सोनार' हे नाव आणि २.८ व १८० हे आकडे. येना हे जर्मनीतील गाव, झाइस हा तेथील काचेचा जगप्रसिद्ध कारखाना आणि सोनार हे भिंगाच्या एका रचनेचे नाव. ज्यांच्याकडून ते माझ्याकडे आले त्या फोटोवाल्या मास्तरांना प्रथम यातले काहीच ठाऊक नव्हते. 'जेना' असा त्यांचा उच्चार असे. पुढे अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने तो दुरुस्त केला, तेव्हा मास्तरांना फार आनंद झाला. रडणाऱ्या मुलाचा फोटो काढताना ते भिंगाकडे बोट दाखवून म्हणत, "बघ, हे तुला बोलावते आहे. ये ना, ये ना!" आणि मोठ्या माणसांना ते अभिमानाने सांगत, "आपल्याकडे येनाचा सोनार आहे."

मास्तरांची हकीकत आपल्यातील अनेकांच्या वडिलांची किंवा आजोबांची हकीकत आहे. खानदेशातून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने निघायचे, उधना स्टेशनवर वळकटी घेऊन उतरायचे आणि गाववाल्याच्या खोलीवर पाठ टेकायची. माझे वडील नंदुरबारकडून असेच आले आणि मागावर बारा तासांच्या पाळ्या करत राहिले. मास्तरही काही वर्षे मागावरच होते. पुढे कापसाच्या तंतूंनी त्यांचा दम लागू लागला, म्हणून त्यांनी मागाचे काम सोडले आणि लिंबायतमध्ये राहत्या घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ थाटला. मागच्या पडद्यावर धबधबा रंगवलेला, दोन बाजूंना दोन दिवे, खुंटीवर एक कोट व एक टाय, आरशाजवळ पावडरचा डबा आणि दोरीला बांधलेला कंगवा. तो कोट लिंबायतमधल्या शेकडो तरुणांनी घातला असेल. गावाकडे पाठवायचा पहिला फोटो त्या कोटात निघे. मुलगा मागावर उघड्या अंगाने उभा असतो हे आईला फोटोतून कळत नसे, आणि कळू नये हीच मुलाची इच्छा असे.

आरंभी मास्तरांकडे दोन डोळ्यांचा याशिका कॅमेरा होता. एकशेवीस क्रमांकाची रुंद फिल्म त्यात बसे आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो येत. निगेटिव्ह सुमारे सव्वादोन इंच लांबरुंद असल्यामुळे तिच्यावर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने काम करता येई. देवीचे वण मास्तर त्या पेन्सिलीने भरून काढत. मुलीच्या स्थळासाठी फोटो असेल तर न विचारता, एरवी विचारून. परंतु याशिकाचे भिंग कायमचे बसवलेले, ऐंशी मिलिमीटरचे. केवळ चेहरा आणि खांदे घ्यायचे म्हटले तर कॅमेरा माणसाच्या अगदी तोंडाशी न्यावा लागे. मग नाक मोठे दिसे, कान मागे पळत आणि माणूस बिचकलेला असे.

हा दोष भिंगाचा मानला जातो. खरे पाहता तो अंतराचा दोष आहे. आपले नाक कानापेक्षा सुमारे बारा सेंटीमीटर पुढे असते. एका हातावरून पाहिले तर हे बारा सेंटीमीटर एकूण अंतराच्या चौथ्या हिश्शाएवढे भरतात. दोन मीटरवरून पाहिले तर सोळाव्या हिश्शाएवढे. म्हणून दुरून पाहिलेला चेहरा आपल्याला ओळखीचा, नेमस्त वाटतो. लांब पल्ल्याचे भिंग तुम्हांला तेवढे मागे उभे राहण्याची मुभा देते आणि तरीही चेहऱ्याने चौकट भरते. बोलीत आपण अशा भिंगाला 'टेलिफोटो' म्हणतो आणि ते दूरचे जवळ आणते असे समजतो. जंगलात किंवा क्रीडांगणावर ते तसे करतही असेल. माणसाच्या चेहऱ्यासमोर मात्र त्याचे काम उलट असते. जवळच्या माणसापासून योग्य अंतरावर कसे उभे राहावे, हे ते शिकवते.

या भिंगाची मूळ रचना लुडविग बेर्टेले या जर्मन भिंगकाराची. तिचा पहिला अवतार १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या सुमारास आला. ज्या स्पर्धेत ध्यानचंदांच्या संघाने हॉकीचे सुवर्णपदक मिळवले तेच ते ऑलिंपिक. पाच काचा, तीन गटांत बसवलेल्या, आणि दूरच्या धावपटूचे छायाचित्र घेण्याइतका प्रकाश आत घेणाऱ्या. महायुद्धानंतर जर्मनी दुभंगली तसा हा कारखानाही दुभंगला. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने येनातील निवडक तज्ज्ञांना आपल्याबरोबर पश्चिमेकडे नेले; त्यांनी ओबरकोखेन येथे नवा झाइस उभा केला. जुना झाइस येनातच, पूर्व जर्मनीत राहिला. मग खरे झाइस कोणते यावर दोघे भाऊ वर्षानुवर्षे न्यायालयात भांडत राहिले. पश्चिमेकडील काही देशांत येनाच्या भिंगांना स्वतःचे नावही लावता येईना. सोनारवर तेथे फक्त 'एस' हे एक अक्षर कोरून जात असे. १९९० मध्ये जर्मनी एक झाली आणि त्यानंतर ही दोन घरेही एक झाली. हे प्रथम वाचले तेव्हा मला आपल्या कितीतरी कुटुंबांची आठवण झाली. एक घर खानदेशात, एक सुरतेत. आडनाव एकच, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर कोणाचे नाव राहावे याचा वाद मात्र दोन पिढ्यांचा.

भारताचा पूर्व जर्मनीशी व्यापार त्या काळी रुपयांत चाले. त्यामुळे तिकडचे कॅमेरे आणि 'ओर्वो' फिल्म आपल्याकडे येत. मास्तरांनी मुंबईच्या फोर्ट भागात जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारातून पेंटाकॉन सिक्स हा कॅमेरा आणि हे भिंग विकत घेतले. त्यासाठी मास्तरीणबाईंच्या पाटल्या मोडाव्या लागल्या. "एका सोनाराकडे दिल्या, दुसरा सोनार आणला," असे मास्तर म्हणत. बाई मात्र या विनोदाला कधी हसल्या नाहीत.

मी तोवर पदवीधर होऊन महसूल खात्यात लागलो होतो. नायब मामलतदार आणि पुढे मामलतदार म्हणून हजारो छायाचित्रे माझ्या टेबलावरून गेली. साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचे चेहरे, अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवलेले. त्यावर सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर येईल अशी करायची असते. ती करताना मी चेहरा पाहत असे असे म्हणणे धाडसाचे होईल. मी फोटोची कडा पाहत असे.

एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. विधवा सहाय्याच्या अर्जावर एका वृद्ध बाईंनी लावलेला फोटो नियमात बसत नव्हता. तो जुना होता आणि कात्रीने कापलेला होता. डाव्या कडेला एका पुरुषाचा खांदा दिसत होता. मान वर न करता मी म्हणालो, "फोटो नवीन हवा, एकटीचा." बाईंनी अर्ज उचलला आणि त्या गेल्या. पुढच्या दोन अर्जांवर सह्या झाल्यावर माझ्या ध्यानात आले की तो खांदा कोणाचा होता. बाहेर जाऊन पाहिले तोवर व्हरांडा रिकामा झाला होता.

ऑगस्ट २००६ च्या दुसऱ्या आठवड्यात तापीचा पूर आला. उकाई धरणातून सोडलेले पाणी कमाल पातळीला सुमारे नऊ लाख क्युसेक होते आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर मला अडाजण-रांदेर बाजूला पंचनाम्याच्या कामावर पाठवले. धान्य, भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण असे रकाने भरत आम्ही घरोघर फिरत होतो. जवळजवळ प्रत्येक गच्चीवर एकच दृश्य होते. उन्हात पसरलेले फोटोंचे अल्बम. पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. एका गृहस्थांनी अशी एक वीट माझ्या हातात ठेवली आणि विचारले, "साहेब, हे कुठे लिहिणार?" माझ्याकडील नमुन्यात त्याला रकाना नव्हता. मी 'इतर' असे लिहिले.

रात्री लिंबायतला परतल्यावर हे मास्तरांना सांगितले. ते चपापून म्हणाले, "उन्हात ठेवायला नको होते, साहेब. फोटोवरचा थर सरसाचा असतो. भिजला की फुगतो, वाळला की दुसऱ्या फोटोला धरून बसतो. स्वच्छ थंड पाण्यात ठेवले असते तर हळूहळू सुटे झाले असते." दुसऱ्या दिवशी मी ज्या-ज्या गच्चीवर गेलो तेथे हे सांगितले. काही ठिकाणी उशीर झाला होता. काही ठिकाणी पाण्याच्या बादल्या भरल्या गेल्या. पिण्याचे पाणी टँकरने येत असताना फोटोंसाठी बादली भरणारी माणसे मी पाहिली आहेत.

त्याच दिवसांत मी आमच्या भिंतीकडे पाहिले. वडिलांचा फोटो होता. मास्तरांनीच काढलेला, त्याच कोटातला. मायचा एकटीचा फोटो घरात नव्हता. लग्नाच्या गर्दीत पदर ओढलेली, बारशाच्या वेळी पाठमोरी, अशी ती होती. ओळखपत्रावरचा तेवढा एक समोरून होता. मास्तरांनी कितीदा तरी म्हटले होते, "मावशी, एकदा बसा." तिचे उत्तर ठरलेले असे. "मन्हा फोटू कसाले, भाऊ? मी आठेच शे ना!" ती इथेच आहे म्हटल्यावर पुढे बोलायचे काय? मीही 'पुढच्या रविवारी' म्हणत राहिलो. रविवार माझ्या नोकरीत फारसे नव्हते.

अखेर २००७ च्या श्रावणात, कानबाईच्या उत्सवासाठी बहिणी आल्या असताना, माय नवे लुगडे नेसली होती. कानात सोन्याची फुले होती. मास्तरांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. ते म्हणाले, "कॅमेरा न्या, पण फोटो तुम्ही काढा. मला आता तिची नजर दिसायची नाही." अंतर किती, प्रकाश किती, हे सारे त्यांनी समजावून सांगितले. शेवटी म्हणाले, "भोक पूर्ण उघडाल तर दोन मीटरवर जेमतेम तीन सेंटीमीटर स्पष्ट राहते. दोन बोटे समजा. ती दोन बोटे डोळ्यांवर ठेवा."

पेंटाकॉनमध्ये वरून, खाली मान घालून पाहावे लागते. दुधी काचेवर प्रतिमा दिसते, तीही डावी-उजवी उलटी. आपल्या शेजारच्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, ज्या रोलीफ्लेक्सने काम करीत त्यातही असेच खाली पाहावे लागे. समोरच्या माणसापुढे मान झुकवूनच त्याचे चित्र घ्यायचे, ही कल्पना मला फार विनयाची वाटली होती.

संध्याकाळचे पाच वाजले होते. अंगणातला प्रकाश उतरू लागला होता, म्हणून मी भिंग पूर्ण उघडले. माय खुर्चीवर ताठ बसली. मी मान खाली घातली, कडे फिरवले, तिचे डोळे दुधी काचेवर लखलखीत आले. आयुष्यात प्रथमच मी मायचे डोळे इतक्या निवांत पाहत होतो. तिच्या नकळत आणि उलट्या बाजूने. किती वेळ गेला कोण जाणे. एवढ्यात ती पुढे वाकली, माझी नजर शोधत, आणि म्हणाली, "खाले काय देखस? मी आठे शे!" त्याच क्षणी माझे बोट कळीवर दाबले गेले. या कॅमेऱ्याचा आरसा लगेच परत येत नाही. आवाज मोठा होतो आणि काच काळी पडते. कळ पुन्हा फिरवीपर्यंत समोर कोणी आहे की नाही, हेही कळत नाही. मी घाईने कळ फिरवली तोवर ती उठली होती. आरती सुरू झाली होती.

रोल धुऊन आला. कळ घाईने सोडली की या कॅमेऱ्यात दोन फोटो एकमेकांवर चढतात, ही त्याची जुनी खोड. मायच्या डाव्या खांद्यावर पुढच्या फोटोतला निंबाचा बुंधा चढला होता. आणि तिचे डोळे अस्पष्ट होते. ती पुढे वाकली तेवढ्याने स्पष्टतेची ती दोन बोटे मागे सरकून कानावर गेली होती. कान मात्र असा आला होता की फुलाच्या पाकळ्या मोजाव्यात, पाळीचे लोंबलेले भोक पाहावे, त्यामागची पांढरी बट पाहावी. मास्तरांना मी वर्णन करून सांगितले. ते थोडे थांबून म्हणाले, "साहेब, सोनाराने कानच टोचला म्हणायचा."

आपल्याकडे कान सोनारानेच टोचावे म्हणतात. तो अर्थ मास्तरांच्या मनात होता की नाही ते मी विचारले नाही. मला तो पोहोचला. समोरचा माणूस वाकून, 'मी इथे आहे' असे सांगत असता मी खाली पाहत होतो. काचेत पाहत होतो म्हणून ते क्षम्य ठरावे काय? टेबलावरच्या फायलीतही मी तसाच पाहत असे. त्या कापलेल्या फोटोतील खांदा आणि मायच्या खांद्यावर चढलेला निंब मला तेव्हापासून वेगळे काढता आलेले नाहीत.

पुन्हा काढू म्हणता म्हणता दोन वर्षे गेली आणि २००९ मध्ये माय गेली. दहाव्याच्या आत फोटो हवा होता. भावांनी तो अस्पष्ट फोटो पाहिला आणि नाकारला. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पूजेला डोळे हवेत. मग ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून, मागचा पडदा निळा करून, भिंतीवर लावला. आजही तोच आहे. त्यातील चेहरा मायचाच आहे, पण कोणी तरी दरडावून 'पुढे बघा' म्हटल्यावर होतो तसा.

२०११ मध्ये मास्तरांनी दुकान बंद केले. तोवर सगळीकडे डिजिटल कॅमेरे आले होते. एकेकाळी 'इंदू' फिल्म बनवणारा उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा १९६० साली स्थापन झालेला सरकारी कारखाना केव्हाच आजारी पडला होता. पुढे तोही बंद झाला. भिंगाच्या काचेवर बुरशीची एक नाजूक जाळी आली होती. "माझ्या डोळ्यातले काढले," मास्तर म्हणाले, "याच्यातले तुम्ही काढून घ्या." पैसे त्यांनी घेतले, परंतु पाटल्यांच्या हिशेबाने नव्हे.

त्याच वर्षी गौतम राजाध्यक्ष गेले. त्यांच्या 'चेहरे' या पुस्तकाने मराठी घरांत व्यक्तीच्या छायाचित्राला एक प्रतिष्ठा मिळवून दिली. ते चेहरे नामवंतांचे होते. आपल्या गल्लीतील चेहऱ्यांसाठी कोणी येणार नाही, हे मला तेव्हा जाणवले आणि निवृत्तीनंतर मी एक लहानसा नेम धरला. वर्षाला दोन-तीन रोल. लिंबायत आणि आसपासच्या आपल्या घरांतील म्हातारी माणसे. खुर्ची त्यांचीच, अंगण किंवा ओटा त्यांचाच, कोट नाही. रोल कुरियरने मुंबईला धुवायला जातो आणि दीड-दोन आठवड्यांनी फोटो घरपोच होतो. फोटो कशासाठी आहे हे ते जाणतात आणि मीही जाणतो. त्याबद्दल बोलत नाही. एक आजोबा तेवढे म्हणाले, "चांगला काढा, बराच काळ लटकायचे आहे."

माझा पुतण्या हेच भिंग एका कड्याच्या साहाय्याने आपल्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवतो. पडद्यावर डोळा मोठा करून पाहतो आणि त्याचा एकही फोटो चुकत नाही. मला त्याचे कौतुक आहे. मी मात्र दुधी काचच वापरतो. कडे फिरवून डोळे स्पष्ट करून घेतो आणि मग कळ दाबण्यापूर्वी मान वर करतो. समोरच्याशी बोलतो. अर्थात तो हलतो, वाकतो, हसतो आणि बारा फोटोंतील तीन-चार वाया जातात. तेवढा खर्च मी धरून चालतो.

मायचा तो फोटो भिंगाच्या चामडी पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूस ठेवलेला आहे. दर वर्षी कानबाईला बहीण शहाद्याहून येते. आल्यावर पाय धुऊन भिंतीवरच्या फोटोला हात जोडते, हळदकुंकू वाहते. सगळे आवरल्यावर, चहा झाल्यावर, माझ्या खोलीत येते आणि दार लोटून म्हणते, "भाऊ, तो दुसरा फोटू दखाड."